पुस्तकांची पेटी आणि पेटीची किल्ली



मोताळा तालुक्यातल्या आमच्या धामणगाव बढे गावात गेल्या महिन्यात एक निरोप आला. गरीब घरातल्या लहान मुलांना वाचनाची गोडी लागावी म्हणून मोफत गोष्टीची पुस्तके देणारी शहरातली एक संस्था आहे. तिचे म्हणणे असे की गावातल्या ‘गरजू’ मुलांची यादी द्या, पुस्तकांची पेटी पाठवतो. यादीत मुलाचे नाव, इयत्ता, बापाचा धंदा आणि जात लिहायची. वाटपाच्या दिवशी प्रत्येक मुलाचा पुस्तक हातात धरून फोटो काढायचा.

विहारात बैठक बसली आणि अर्ध्या तासात दोन तट पडले. आमच्यातला एक तरुण तावातावाने म्हणाला, बाबासाहेबांनी आम्हाला हात पसरायला शिकवले नाही, ही पेटी परत पाठवा. त्यावर रोजंदारीने कापूस वेचायला जाणारी एक बाई मागून बोलली, “फोटो काढल्यानं पोरगी काई झिजत नाई भाऊ. पुस्तक भेटते का नाई, तेवढं सांगा.”

दोघांचेही म्हणणे आम्हाला पटले आणि दोघांचेही अपुरे वाटले. पुस्तक कोणी कोणाला द्यायचे, कशासाठी द्यायचे आणि दिल्यानंतर त्याचे काय होते, हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. पावणेदोनशे वर्षांत तो अनेकदा समोर आला आहे आणि आपल्या माणसांनी त्याची वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. म्हणून निर्णय घेण्याआधी आम्ही तो इतिहास पुन्हा चाळला. हा लेख त्यातून झाला.

‘गरिबांच्या घरात पुस्तके नसतात’ हे वाक्य अशा संस्थांच्या पत्रकात हमखास असते. वाक्य खरे आहे, पण अर्धेच. आमच्या घरात पुस्तक नव्हते ते आधी पैशाअभावी नव्हते. ज्या समाजाला अक्षर ऐकण्याचीही बंदी होती, त्याच्या घरात पुस्तक कुठून असणार? गरिबी ही नंतरची गोष्ट, बंदी आधीची. हा फरक विसरला की पुस्तक देणारा दाता ठरतो आणि घेणारा याचक ठरतो. तो लक्षात ठेवला तर तेच देणे जुन्या कर्जाचा एक हप्ता दिसू लागते.

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली आणि पुढच्या काही वर्षांत महार-मांग मुलांसाठी शाळा चालवल्या. त्या शाळांमधली एक आठवण अभ्यासक नेहमी सांगतात. बक्षीस समारंभात एका विद्यार्थिनीने पाहुण्यांना सांगितले की तिला खेळणी नकोत, खाऊ नको, आमच्या शाळेला ग्रंथालय द्या. त्या मुलीने स्वतःसाठी एकही पुस्तक मागितले नाही. जे मागितले ते सगळ्यांसाठी आणि कायमचे मागितले. आजच्या कितीतरी वाचन मोहिमांना ही अक्कल अजून आलेली नाही.

त्याच काळात गोरगरिबांत मोफत पुस्तके वाटणारे दुसरेही होते. मिशनऱ्यांच्या छापखान्यांतून मराठी पुस्तिका निघत आणि बाजारात, जत्रेत, झाडाखाली वाटल्या जात. आम्ही मिशनऱ्यांची निंदा करायला बसलेलो नाही. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई या मांग समाजातल्या मुलीने महारा-मांगांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ साली छापला तो मिशनच्याच ‘ज्ञानोदय’ने, आणि हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. पण त्या फुकट पुस्तिकांच्या आत वाटणाऱ्याचा धर्म होता, हेही तितकेच खरे. पुस्तक फुकट असले तरी ते देणाऱ्याचा काही ना काही हेतू असतोच. हेतू असणे हा गुन्हा नाही. तो घेणाऱ्याला माहीत असावा, इतकेच.

फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले तेव्हा दानधर्माची भाषा वापरली नाही. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च होतो तो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा हिशेब होता. खेड्यातले प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचे करा, महार-मांगांच्या मुलांना जिथे इतरांबरोबर बसू देत नाहीत तिथे त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा काढा, पाठ्यपुस्तके सुधारा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. ज्याचा पैसा त्याच्या मुलाला शिक्षण, इतका साधा व्यवहार.

आता ज्या पुस्तकाने आपला इतिहास वळवला त्याकडे येऊ. दादा केळुसकरांनी विद्यार्थी भीमरावाला बुद्धचरित्र भेट दिले ही गोष्ट आपल्यापैकी प्रत्येकाने जयंतीच्या भाषणात ऐकलेली असते. बहुतेक चरित्रकार हा प्रसंग १९०७ च्या मॅट्रिकनंतरचा सांगतात. पण ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ साली बाबासाहेबांनी जी प्रस्तावना लिहिली, आणि जी मूळ आवृत्तीत छापली गेली नाही, तिच्यात ते स्वतः इंग्रजी चौथीची परीक्षा पास झाल्यावरचा प्रसंग म्हणून तो सांगतात. साल कोणते याचा वाद अभ्यासकांवर सोडू. आम्हाला त्या प्रस्तावनेतल्या दुसऱ्या तपशिलांत रस आहे, कारण भाषणात ते गळून जातात.

वस्तीतल्या लोकांना सत्कार करायचा होता, कारण समाजातला हा पहिलाच मुलगा इथवर पोचला होता. रामजी सुभेदारांनी साफ नकार दिला. पोराने एक परीक्षा तर पास केली, सत्काराने त्याच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे. लोक केळुसकरांकडे गेले. ते रामजींचे स्नेही होते, त्यांनी मन वळवले, सभा झाली आणि सभेच्या शेवटी त्यांनी आपणच लिहिलेले पुस्तक त्या मुलाच्या हातात ठेवले.

इथे दान कुठे दिसते का? सभा वस्तीची होती. देणारा माणूस त्या घरात येणारा-जाणारा होता. चर्नी रोडच्या बागेत शाळा सुटल्यावर एकटा वाचत बसणारा हा मुलगा केळुसकर पाहत होते, त्याला पुस्तके सुचवत होते, आणून देत होते, हे चरित्रांत नोंदलेले आहे. म्हणजे ते एक पुस्तक एकटे आले नाही. त्याच्या मागेपुढे बोलणे होते, विचारपूस होती आणि पुढे कॉलेजसाठी सयाजीरावांकडे घातलेला शब्दही होता. पुस्तक देऊन फोटो काढून गाडीत बसणारा माणूस आणि दादा केळुसकर यांच्यात हे अंतर आहे.

आणि रामजींचे काय? पगार गेलेला, पेन्शन तुटपुंजी, मुलाची पुस्तकांची भूक मात्र भागत नसलेली. ते लग्न झालेल्या मुलींकडे उसने मागायला जात. कधी त्यांच्या अंगावरचा दागिना आणून सावकाराकडे गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवून परत करत. ज्या समाजाला ‘यांना वाचनाची आवड नाही’ असे आजही सहज म्हटले जाते, त्या समाजातला एक बाप पुस्तकासाठी लेकींचे दागिने गहाण टाकत होता. बाबासाहेबांच्या वाचनाचे श्रेय आपण केळुसकरांना देतो ते योग्यच आहे. त्या दोन बहिणींना मात्र कोणी देत नाही.

आणखी एक धागा. केळुसकरांनी ते पुस्तक बडोद्याच्या ग्रंथमालेसाठी लिहिले होते, असे बाबासाहेब सांगतात. म्हणजे परळच्या चाळीत पोचलेल्या त्या पुस्तकामागे एका संस्थानाचा खजिना होता. सयाजीराव गायकवाडांनी १८८० च्या दशकातच अंत्यज मुलांसाठी शाळा काढल्या. त्यांत पाटी-पुस्तके राज्याकडून दिली जात. १९०६ साली प्राथमिक शिक्षण संस्थानभर सक्तीचे आणि मोफत झाले. १९१० साली त्यांनी अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि गावोगाव ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. जिथे ग्रंथालय नाही तिथे लाकडी पेटीतून पुस्तके जात, ठरावीक मुदतीनंतर ती पेटी पुढे जाई आणि दुसरी येई. वाहतुकीचा खर्चही गावावर पडत नसे. ज्या गावाला कायमचे ग्रंथालय हवे असेल त्याने एक तृतीयांश रक्कम उभी करायची, एक तृतीयांश प्रांत पंचायतीने आणि एक तृतीयांश सरकारने घालायची. पेटीची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. शहरातल्या कोणत्याही संस्थेने ती आज शोधलेली नाही.

पण बडोद्याची आरती ओवाळून थांबता येत नाही. ज्या राज्यात पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरत होत्या, त्याच राज्याच्या राजधानीत १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या अधिकाऱ्याला राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्याला बाहेर काढले. पुस्तक घरोघरी पोचवता येते, त्याने घराचे दार आपोआप उघडत नाही. बाबासाहेबांनी हे पुस्तकात वाचले नव्हते, अंगावर सोसले होते. पुढच्या आयुष्यात त्यांनी वाचनाला संघटनेपासून कधी वेगळे काढले नाही, याचे मूळ आम्हाला तिथे दिसते.

१९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहांच्या बरोबरीने वाचनालये आणि अभ्यासवर्ग आहेत. ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात सभेचे पहिले वसतिगृह सुरू झाले. मुलांचे कपडे, जेवण आणि लेखनसाहित्य यांचा खर्च सभा करत होती, नगरपालिकेकडूनही अनुदान मिळवले होते. मुंबईत मोफत वाचनालय चालले. विद्यार्थ्यांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक काढले. (नाव पाहून आज कोणी भुवई उंचावेल, १९५६ अजून लांब होते.) मुलांना नुसती पुस्तके देऊन सभा थांबली नाही, त्यांच्या हातात छापील मासिकही दिले, हे महत्त्वाचे.

मग १९२७. महाडचे साल म्हणून आपण ते ओळखतो. महाडच्या परिषदेच्या आठवडाभर आधी, १२ मार्चला, बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या तरतुदीवर बोलत होते. त्यांनी सरकारी अहवालातला आकडा मांडला: प्राथमिक शाळेत आलेल्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत पोचतात फक्त १८, उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि दारूच्या करातून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करते, हा दुसरा आकडा. शाळेतून बाहेर पडलेले मूल आयुष्यभर साक्षर राहिले पाहिजे, प्राथमिक शिक्षणाचा हेतू तोच, असे त्यांचे म्हणणे होते.

‘पुन्हा निरक्षर होतात’ हे तीन शब्द आम्हाला फार दिवस छळत आहेत. मूल शाळेत अक्षर शिकते आणि घरी, शेतात, वीटभट्टीवर त्याला वाचायला काहीच मिळाले नाही तर अक्षर पुसून जाते. शाळा अक्षर देते, टिकवायला मात्र पुस्तक लागते. आपला जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता, मध्य प्रांत व वऱ्हाडात होता, म्हणून ते आकडे आपले नव्हेत. पण रोग तोच होता. आणि औषधाचा थोडा भाग आपल्या जिल्ह्यातही तयार होत होता: चिखलीचे सत्यशोधक पंढरीनाथ पाटील यांनी लिहिलेले जोतीराव फुल्यांचे चरित्र याच १९२७ साली निघाले. फुल्यांचे नाव पुण्यातले पंडित टाळत होते तेव्हा ते बुलढाण्यात छापून वाचले जात होते. आपल्या किती मुलांना हे माहीत आहे?

आता पेटीच्या आत काय, हा प्रश्न. संस्थेकडे आम्ही पुस्तकांची यादी मागितली. ती आली. वाघ, ससा, चंद्र, राजकन्या, वाड्यातली आजी, आंब्याच्या बागेतली सुट्टी. यात वाईट काहीच नाही, चंद्र सगळ्यांचाच आहे. पण संपूर्ण यादीत विहार नाही, जयंतीची मिरवणूक नाही, पहाटे डबा घेऊन वेचणीला जाणारी आई नाही, उसतोडीला गेलेल्या घरची कुलूपबंद खोली नाही. ‘गरीब’ आहे, पण तो लाकूडतोड्या आहे आणि देवी त्याला सोन्याची कुऱ्हाड देते.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी ओळखला होता. ज्या डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले, त्यांनीच १९२० साली न्यूयॉर्कमधून ‘द ब्राउनीज बुक’ हे काळ्या मुलांसाठीचे मासिक काढले. जेसी फॉसेट त्याच्या साहित्य संपादक होत्या. मुलांच्या पुस्तकांत काळे मूल एक तर दिसत नसे, नाही तर हसण्याचा विषय म्हणून दिसे. या मासिकात ते स्वतः गोष्टीचा नायक झाले, वाचकांचे फोटो आणि पत्रे छापून येऊ लागली. पैशाअभावी १९२१ च्या अखेरीस ते बंद पडले. दोनच वर्षे चालले, पण पुस्तक मिळण्याइतकेच पुस्तकात आपण असणेही गरजेचे आहे, हे त्याने दाखवून दिले.

आणि पुस्तकांचा सगळ्यात मोठा गरीब ग्राहक कोण, हे पाहायचे असेल तर विजयादशमीला दीक्षाभूमीवर किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जा. घरून बांधून आणलेली भाकर खाणारी, रात्र रस्त्यावर काढणारी माणसे परतताना पुस्तकांच्या दुकानांपुढे रांग लावतात. वीस-तीस रुपयांच्या पातळ पुस्तिका, बाबासाहेबांची भाषणे, बुद्धवंदना, फुल्यांचे लेखन. ज्यांना वाचता येत नाही तेही घेतात, नातू वाचून दाखवेल म्हणून. कोणत्याही संस्थेने ही मोहीम काढली नाही, तिच्यावर कोणाचे बोधचिन्ह नाही. पण आपली एक चूक इथे कबूल केली पाहिजे. त्या दुकानांत आठ वर्षांच्या मुलाने आपण होऊन उचलावे असे फार थोडे असते. मोठ्यांसाठी आपण डोंगराएवढे छापले, लहानांचे दुसऱ्यांवर सोडून दिले. मग पेटीत राजकन्या निघाली म्हणून रागावण्याचा हक्क आपल्याला अर्धाच.

दुसरी चूक हक्काची. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असले पाहिजे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टीची पुस्तके असली पाहिजेत, असे स्पष्ट लिहिले आहे. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांच्या ग्रंथालयांसाठी शाळेच्या स्तरानुसार वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांची तरतूद आहे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च करायचे असतात. ते वर्षानुवर्षे कशावर दाखवले जातात, ते ज्याने त्याने आपल्या गावात विचारावे. आम्ही विचारले होते का? नाही. जयंतीच्या डीजेचा हिशेब आम्ही पै-पैने केला, शाळेच्या ग्रंथालयाचा कधीच नाही.

ग्रंथालय कागदावर असते म्हणजे मुलांच्या हाती असते असेही नाही. परिसरातल्या एका शाळेत आम्ही गेलो तेव्हा कपाटात चांगली पुस्तके दिसली, कोरी करकरीत. कुलूप होते. गुरुजी म्हणाले, “नोंद डेडस्टॉकला आहे. पोरांनी फाडलं त भरून कोन देईन?” माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. पुस्तक फाटणे हा गुन्हा आणि न वाचलेले राहणे ही शिस्त, असा हिशेब वरूनच लावलेला असेल तर गुरुजी तरी काय करणार?

एवढे वाचून-बोलून झाल्यावर आम्ही दुसरी बैठक घेतली आणि संस्थेला उत्तर पाठवले. पेटी घेऊ, आनंदाने घेऊ. पण ‘गरजूं’ची यादी देणार नाही, मुलांची जात लिहून देणार नाही, पेटी गावातल्या सगळ्या मुलांची असेल, मराठा, कोळी, मुस्लिम, बौद्ध, ज्याला वाचायचे त्याची. मुलांचे हातात पुस्तक धरलेले फोटो नाहीत. तीन महिन्यांनी पेटी बदलून द्यावी. फाटलेल्या पुस्तकाची भरपाई मागू नये. पेटीत आमच्या निवडीची काही पुस्तके असावीत, आणि ती मिळत नसतील तर आम्ही वर्गणीतून घालू. किल्ली आठवीतल्या दोन मुलींकडे राहील.

त्याच दिवशी दोन अर्ज केले. एक शाळा व्यवस्थापन समितीकडे, ग्रंथालयाचा निधी किती आला आणि कशावर खर्च झाला याची माहिती मिळावी म्हणून. दुसरा ग्रामपंचायतीकडे, १५ टक्क्यांतून बालवाचनालयासाठी तरतूद व्हावी म्हणून. दोन्हींच्या पोचवर आवक क्रमांक घेतला आहे. ज्या गावातल्या मित्रांना नमुना हवा असेल त्यांना पाठवू.

संस्थेचे उत्तर अजून आलेले नाही. त्याची वाट न पाहता विहाराच्या ओट्यावर एक फळी ठोकली आहे आणि तिच्यावर घरोघरची जुनी पुस्तके जमू लागली आहेत. ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने आपल्या संकेतस्थळावर मोफत वाचायला ठेवले आहेत, त्यातले काही झेरॉक्स करून शिवले. संध्याकाळी मुलांबरोबर बसायला पाळ्या लावायच्या होत्या. पहिल्या बैठकीत मागून बोललेल्या बाईंनी बुधवार मागून घेतला. त्यांना वाचता येत नाही, हे त्यांनीच सांगितले. “मी आयकत बसन,” म्हणाल्या. तेव्हापासून बुधवारी मुले जास्त मोठ्याने वाचतात.

सोमवार आणि शनिवारला अजून कोणी नाही. येत्या रविवारी संध्याकाळी सात वाजता विहारात बैठक आहे, तेव्हा नावे द्यावीत. येताना फळीला लावायला एक पुस्तक आणावे.